डेस्कटॉपला माउस घ्यावा की ट्रॅकपॅड? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नागपुरात महालात आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, शाळांच्या स्मरणिका, कोर्टाच्या कामाचं टायपिंग असं सगळं चालतं. माझ्या टेबलावर कीबोर्डच्या उजवीकडे माउस असतो आणि डावीकडे ट्रॅकपॅड, म्हणजे लॅपटॉपवर असते तशी बोटाने चालवायची सपाट पाटी, पण सुटी. पत्रिकेचं प्रूफ बघायला आलेली माणसं हे पाहतात आणि बसल्या बसल्या विचारतात. गेल्या काही वर्षांत तेच ते प्रश्न इतक्यांदा आले की आता ते लिहूनच ठेवते आहे. ज्यांनी ज्या बोलीत विचारले, तसेच ठेवले आहेत.

ताई, एका वाक्यात सांगा ना, काय घेऊ?

दिवसभरात तुमचा हात स्क्रीनवर वस्तू जास्त ओढतो की पानं जास्त सरकवतो, ते बघा. ओढत असेल तर माउस घ्या, सरकवत असेल तर ट्रॅकपॅड.

ओढणं म्हणजे बटण दाबून धरायचं आणि तसंच हलवत न्यायचं. कोरल ड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये वेलबुट्टीचा नोड (रेषेवरचा ठिपका) खेचणं, एक्सेलमध्ये चाळीस ओळी निवडणं, नकाशावर रेघ काढणं, फाइल एका फोल्डरातून दुसऱ्यात टाकणं, ही सगळी ओढण्याची कामं. माउसमध्ये बटण बोट दाबतं आणि हलवण्याचं काम हात करतो, म्हणजे दोन कामं दोघांत वाटलेली असतात. ट्रॅकपॅडवर दाबणं आणि घसरणं दोन्ही बोटांवरच येतं. मध्येच पॅडची कड आली की बोट उचलावं लागतं, आणि उचललं की हातातली वस्तू भलत्याच ठिकाणी पडते. यावर उपाय आहेत, पण दिवसभर उपाय करत बसायचं म्हणजे कामाचा खोळंबा.

सरकवणं याच्या उलट. साठ पानांचं प्रूफ वाचताना, लांबरुंद तक्ता बघताना किंवा फोटो लहानमोठा करताना ट्रॅकपॅडवरची दोन बोटं पान वर, खाली, आडवं, तिरपं कुठेही अलगद नेतात. साध्या माउसचं चाक टप्प्याटप्प्यानं आणि वर-खालीच फिरतं. आडवं जायला बहुतेक ठिकाणी शिफ्ट दाबून चाक फिरवावं लागतं.

मग माझं काम कोणतं, हे कसं ओळखू? मला तर दोन्ही लागतं.

एक दिवस कागद जवळ ठेवा. बटण दाबून धरून काही हलवलं की एका बाजूला रेघ मारा, पान बराच वेळ सरकवलं की दुसऱ्या बाजूला. दोन तास पुरेसे आहेत. मला स्वतःला वाटायचं की माझं सगळं काम ओढण्याचंच आहे. रेघा मोजल्या तेव्हा कळलं, डिझाइन सकाळी होतं आणि दुपारनंतर मी प्रूफच वाचत असते. म्हणून टेबलावर दोन्ही आले.

लॅपटॉपवर ट्रॅकपॅडच असते, तरी लोक आरामात काम करतात. डेस्कटॉपला काहून नाही जमत?

जमतं. पण ट्रॅकपॅड जन्मालाच आलं ते जागेच्या अडचणीतून. अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास पहिला माउस बनवला. तो लाकडी खोका होता आणि त्याच्या पोटात एकमेकांशी काटकोनात बसवलेली दोन चाकं होती. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत एंगेलबार्ट यांनी तो सगळ्यांसमोर चालवून दाखवला. तेव्हापासून माउस हे टेबलावरचं अवजार आहे, त्याला हात फिरवायला मोकळी जागा लागते. लॅपटॉप आले तेव्हा मांडीवर ती जागाच नव्हती. काही वर्षं बोटाने फिरवायच्या छोट्या गोळ्यांवर (ट्रॅकबॉलवर) भागवलं, मग १९९४ मध्ये ॲपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेत आजच्यासारखं ट्रॅकपॅड आलं आणि पुढे सगळ्यांनीच ते उचललं.

डेस्कटॉपला जागेची ती अडचण नाही. त्यामुळे इथे ट्रॅकपॅड घ्यायचं तर ते त्याच्या गुणासाठी घ्यावं. लॅपटॉपवर सवय झाली एवढं कारण मला अपुरं वाटतं.

स्क्रीन मोठी असली तर फरक पडते काय?

पडतो, आणि बराच पडतो. पॉल फिट्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये एक नियम मांडला. खूण जितकी दूर आणि जितकी बारीक, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. २७ इंची स्क्रीनवर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यातल्या बारीक चौकोनावर जायचं असेल तर माउसने मनगटाचा किंवा कोपराचा एक झटका पुरतो. ट्रॅकपॅडवर बोट दोन-तीनदा उचलून पुन्हा ठेवावं लागतं, नाहीतर बाणाचा वेग इतका वाढवावा लागतो की शेवटी नेम धरणं अवघड जातं. ट्रॅकपॅडच घ्यायचं ठरलं असेल तर मोठ्या आकाराचं घ्या. तळहाताएवढं पॅड मोठ्या स्क्रीनला अपुरं पडतं.

उन्हाळ्यात ट्रॅकपॅडवरचा बाण उड्या मारून राहिला. बिघडला काय?

बहुतेक वेळा बिघडलेला नसतो. हा प्रश्न मला एप्रिल लागला की सुरू होतो आणि जूनपर्यंत थांबत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

ट्रॅकपॅडच्या पृष्ठभागाखाली बारीक तारांची जाळी असते आणि तिच्यात विजेचा अगदी हलका प्रभार असतो. आपलं शरीर वीज वाहून नेतं, म्हणून बोट जवळ आलं की त्या जागचा प्रभार बदलतो आणि बोट कुठे आहे ते यंत्राला कळतं. पाणीही वीज वाहून नेतं. बोटाला घाम असला किंवा पॅडवर ओल असली की यंत्राला एका बोटाच्या जागी मोठा पसरट डाग दिसतो, कधी दोन बोटं दिसतात. मग बाण उडतो, पान आपोआप मोठं होतं, भलतंच काही निवडलं जातं.

आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि घरोघरी, दुकानोदुकानी कूलर लागतो. कूलरची हवा ओलसर असते. ती थेट टेबलावर येत असेल तर पॅडवर आणि हातावर दमटपणा बसतोच. माझ्या दुकानात मी कूलरची दिशा बदलली, टेबलावर येणारा झोत खुर्चीमागून घेतला आणि अर्धा त्रास तिथेच संपला. उरलेल्यासाठी पॅडशेजारी एक सुती फडकं ठेवते. दर तासाला पॅडही पुसायचं आणि बोटंही. डबा खाऊन आल्यावर हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे, तेलकट बोटं पॅडवर नीट घसरत नाहीत.

एवढं करूनही उड्या थांबल्या नाहीत तर घराचं अर्थिंग तपासा. महाल, इतवारीतल्या जुन्या वाड्यांमध्ये तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या भोकाला पुष्कळदा तारच जोडलेली नसते. अशा वेळी संगणकातून येणारा विजेचा गोंधळ केबलवाटे ट्रॅकपॅडपर्यंत पोचतो. ओळखायची युक्ती सोपी आहे. ट्रॅकपॅडची केबल काढा आणि ते त्याच्या बॅटरीवर चालवा. बाण शांत झाला तर दोष वीजजोडणीत आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग करून घ्या, ते संगणकासाठीही हवं आणि तुमच्या जिवासाठीही.

माउसला उन्हाळा नाही लागत?

घामाचा त्रास होत नाही, धुळीचा होतो. माउसच्या पोटात दिवा आणि छोटा कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाचे सेकंदाला शेकडो-हजारो फोटो काढून आपण किती सरकलो ते ओळखतो. मे महिन्यातल्या वाऱ्याने येणारी बारीक धूळ आणि केसाचा एखादा तुकडा त्या भोकात अडकला की बाण थरथरतो. महिन्यातून एकदा माउस उलटा करून कोरड्या मऊ ब्रशने ते भोक आणि खालचे घसरपाय साफ करा. चाकातली घाणही तेव्हाच काढा.

आमच्या ऑफिसच्या टेबलावर काच आहे. माउस चालतच नाही.

काचेखाली कॅलेंडर, देवाचा फोटो, फोन नंबरांची यादी. बहुतेक जुन्या कचेऱ्यांत हेच टेबल असतं. साध्या माउसच्या कॅमेऱ्याला काचेवर टिपायला खुणाच सापडत नाहीत, म्हणून तो अडखळतो. काचेवर चालणारे माउस मिळतात, पण ते महाग असतात. त्याआधी साधं कापडी पॅड ठेवून बघा, तेही नसेल तर जुनी वही. ट्रॅकपॅडला मात्र खाली काच आहे की लाकूड, याने काहीच फरक पडत नाही. टेबलावर जागा अजिबात नसेल, सगळीकडे फायली असतील, तर ट्रॅकपॅडच्या बाजूने हे चांगलं कारण आहे.

माझं मनगट दुखते. ट्रॅकपॅडनं बरं होईल काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे, कारण मी स्वतः यातून गेले आहे. एका लग्नसराईत रोज दहा-अकरा तास पत्रिका करत होते. आधी अंगठ्याच्या बुडाशी दुखायचं, मग रात्री झोपेत अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर व्हायला लागलं. मी दोन महिने बाम चोळत बसले. ते करायला नको होतं. रात्री मुंग्या येत असतील, बोटं बधिर होत असतील, वस्तू हातातून सुटत असतील तर आधी डॉक्टरांकडे जा, माउस-ट्रॅकपॅडचा विचार नंतर.

डॉक्टरांनी मला जे समजावलं ते असं. दुखण्याचं मूळ एकच हालचाल तासन्‌तास करण्यात असतं. माउसने मनगट आणि खांदा शिणतो, ट्रॅकपॅडने बोटं आणि अंगठा. ट्रॅकपॅड आणल्यामुळे भार दुसरीकडे जातो, नाहीसा होत नाही. म्हणूनच दोन्ही आलटून पालटून वापरायचा मला खरा फायदा झाला. त्यातही ट्रॅकपॅड डाव्या हाताला दिल्यामुळे उजव्याला दिवसाचे चार तास सुट्टी मिळाली. पहिला आठवडा डावा हात अगदी परका वाटला, दुसऱ्या आठवड्यात सरावला.

टेबलाची उंची हे याहूनही मोठं कारण निघालं. माझं टेबल घरातलं जुनं जेवणाचं होतं, उंच. हात वर उचलून धरावा लागायचा आणि मनगट टेबलाच्या कडेवर दाबलं जायचं. कोपर साधारण काटकोनात, खांदे सैल आणि मनगट सरळ राहील अशी उंची हवी. टेबल कापता येत नव्हतं, म्हणून खुर्ची उंच केली आणि पायाखाली लाकडी पाट घेतला. नवीन काही विकत घेण्याआधी हे करून बघा, याला पैसे लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट. आकड्यांच्या वेगळ्या बटणांचा कीबोर्ड लांब असतो, त्यामुळे माउस उजवीकडे दूर ढकलला जातो आणि दिवसभर हात बाहेरच्या बाजूला ताणलेला राहतो. आकडे क्वचितच टाकत असाल तर आखूड कीबोर्ड घ्या. उभा माउसही मिळतो. हस्तांदोलनाला हात पुढे करावा तसा तो धरायचा असतो. त्याने हाताचा पीळ कमी होतो. माझ्या एका वकील ग्राहकांना तो चांगला मानवला, मला बारीक कामासाठी नाही मानवला.

मी टॅलीवर काम करतो, दिवसभर एंट्र्या. मला काय चांगलं?

खरं सांगायचं तर तुम्हाला दोन्हींची गरज कमीच आहे. टॅली कीबोर्डवर चालवायलाच बनलेलं आहे. साधा केबलचा माउस घ्या आणि उरलेले पैसे चांगल्या कीबोर्डवर घाला.

मुलगी व्हीएनआयटीत आहे, तिला ऑटोकॅड शिकायचं आहे.

माउसच घ्या, आणि चाक दाबता येईल असा तीन बटणांचा घ्या. ऑटोकॅडमध्ये चाक दाबून धरून नकाशा सरकवतात, चाक फिरवून लहानमोठा करतात आणि चाकावर दोनदा क्लिक केलं की पूर्ण आराखडा स्क्रीनवर येतो. सगळे शिक्षक हेच गृहीत धरून शिकवतात. घट्ट किंवा लुळं चाक असलेला माउस घेतला तर ती रोज वैतागेल. दुकानात चाक दाबून बघूनच घ्या.

गेम खेळायला?

माउस. यात दुसरं मत नाही.

आईबाबांना संगणक शिकवून राहिलो. त्यांना काय सोपं जाईल?

माझा अनुभव माउसच्या बाजूचा आहे. बटण हाताला लागतं, दाबलं की टक्‌ आवाज येतो, म्हणजे झालं हे कळतं. ट्रॅकपॅडवर एक बोट वेगळं, दोन बोटं वेगळी, तीन बोटं आणखी वेगळी, आणि चुकून काही झालं की माणूस घाबरतो. वयाने किंवा कष्टाने बोटांची कातडी कोरडी, जाड झाली असेल तर काही ट्रॅकपॅडना ते बोट नीट जाणवतही नाही. माझ्या सासऱ्यांना मी बाणाचा वेग कमी करून आणि बाण मोठा करून दिला, दोन दिवसांत ते स्वतःचं पेपरवाचन स्वतः करायला लागले. हात थरथरत असेल तर डबल-क्लिकचा वेगही सेटिंगमधून कमी करता येतो.

विंडोजच्या डेस्कटॉपला ॲपलचं ट्रॅकपॅड लावलं तर?

घेण्याआधी दहादा विचार करा. ॲपलचं सुटं ट्रॅकपॅड पहिल्यांदा २०१० मध्ये आलं आणि वस्तू म्हणून ते उत्तम आहे. किंमत दहा हजारांच्या पुढे आहे. पण साध्या विंडोज पीसीसाठी ॲपल स्वतः त्याचा ड्रायव्हर, म्हणजे ते संगणकाला समजावून देणारं सॉफ्टवेअर, देत नाही. बाण हलेल, पण दोन-तीन बोटांच्या ज्या करामतींसाठी एवढे पैसे मोजले त्या इतरांनी बनवलेला ड्रायव्हर टाकल्याशिवाय चालणार नाहीत. ॲपलचाच मॅक मिनी किंवा आयमॅक असेल तर निश्चिंत घ्या. लिनक्सवाल्यांनाही ते बऱ्यापैकी चालतं.

विंडोजला घ्यायचंच असेल तर खोक्यावर ‘प्रिसिजन टचपॅड’ लिहिलंय का ते बघा (टचपॅड म्हणजे ट्रॅकपॅडच). विंडोज ८.१ पासून ही सोय आहे. अशा पॅडच्या खुणा विंडोज स्वतः समजून घेतं आणि सेटिंगमध्ये टचपॅडचं वेगळं पान उघडतं. तीन बोटं वर सरकवली की उघडलेल्या सगळ्या खिडक्या दिसतात, दोन बोटांचा टॅप म्हणजे राइट-क्लिक. इथल्या बर्डी बाजारातल्या दुकानांत माउस ढिगाने मिळतील, सुटं ट्रॅकपॅड मात्र मला फारसं दिसलेलं नाही, बहुधा ऑनलाइन मागवावं लागतं. परत करण्याची मुदत बघूनच मागवा, कारण हाताला लागल्याशिवाय ट्रॅकपॅड कसं आहे ते कळत नाही.

दोन्ही एकदम जोडले तर गोंधळ नाही होत?

नाही. बाण एकच असतो आणि ज्याला हात लावाल त्याचं तो ऐकतो. फक्त सरकवण्याच्या दिशेकडे लक्ष द्या. विंडोजमध्ये टचपॅडची दिशा माउसपेक्षा वेगळी ठेवता येते. मॅकमध्ये एकाची बदलली की दुसऱ्याचीही बदलते, ती वेगळी करायला बाहेरचं छोटं सॉफ्टवेअर लागतं.

वायरलेस घेऊ की वायरवाला?

दुकानात, कचेरीत एका जागी बसणाऱ्यांनी माउस वायरवालाच घ्यावा असं माझं ठाम मत आहे. सेल संपत नाही, हरवत नाही, स्वस्त पडतो.

वायरलेस घेतलाच आणि तो अडखळत असेल तर त्याचा डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर, कुठे लावलाय ते बघा. सीपीयूच्या मागे निळ्या यूएसबी ३ पोर्टशेजारी लावला असेल आणि बाजूला हार्ड डिस्क चालू असेल, तर तिचा गोंधळ २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरींमध्ये मिसळतो. डोंगल पुढच्या पोर्टला लावा किंवा छोट्या एक्स्टेन्शन केबलने टेबलावर आणा. ब्लूटूथवालं घेत असाल तर आपल्या सुटे भाग जोडून बनवलेल्या (असेंबल्ड) डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ आहे का ते आधी विचारा, अनेकांत नसतं. आणि काहीही घेतलं तरी एक जुना वायरचा माउस खणात ठेवा. पीसी फॉरमॅट करताना ब्लूटूथ सुरू होत नाही, तेव्हा तोच कामी येतो.

माउस एकदा दाबला तर दोनदा क्लिक होते. नवीन घ्यावा लागेल?

बटणाखालच्या बारीक स्विचमधली धातूची पट्टी झिजली की असं होतं. स्वस्त माउस असेल तर नवा घ्या. हाताला बसलेला, चांगला माउस असेल तर फक्त तो स्विच बदलून मिळतो, सोल्डरिंग करणारा कोणीही कारागीर करून देतो. माझ्या माउसचा स्विच दोनदा बदलून झालाय. ट्रॅकपॅडची गोष्ट वेगळी. काही चांगल्या पॅडमध्ये हलणारं बटण नसतंच, दाबल्याचा भास आतल्या कंपनाने दिला जातो, म्हणून झिजायला काही नाही. पण ते पडून काच तडकली किंवा आतली बॅटरी गेली तर दुरुस्ती अवघड असते.

दुकानात माउस घेताना काय पाहू?

हातात धरा आणि तळवा पूर्ण टेकतो का बघा. लहान माउस मोठ्या हाताला पेटके आणतो, मोठा माउस मुलांच्या हातात मावत नाही. डीपीआयच्या (माउस किती हलला की बाण किती पळतो त्याच्या) मोठ्या आकड्याला भुलू नका, ऑफिसच्या कामाला हजार-सोळाशे भरपूर होतात. डावखुरे असाल तर दोन्ही बाजूंनी सारखा असलेला माउस मागा आणि सेटिंगमध्ये बटणं उलटी करा. पक्कं बिल घ्या आणि वॉरंटी किती महिन्यांची आहे ते त्या बिलावरच लिहून घ्या.